शर्यतीचं टायर आणि खांदमळणी

वाटूर फाट्यावरच्या आमच्या टायरच्या दुकानात मी सात वर्षं बसत होते, आणि सात वर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न एकच होता, "मालक कुठं गेले?"

दुकान सासऱ्यांचं. त्यांचे गुडघे धरले तेव्हापासून ते दुकानाबाहेर बाज टाकून बसायचे. नवरा भोकरदनला शाळेवर शिक्षक, शनिवारी यायचा. माल भरणं, पंक्चरवाल्याकडून काम करून घेणं, कुठल्या गाडीला काय बसेल ते सांगणं, सगळं माझ्याकडं. तरी गिऱ्हाईक मला ओलांडून बाजेकडं जायचं आणि सासऱ्यांना विचारायचं. सासरे मला विचारायचे, मी त्यांना सांगायचे आणि तेच ते गिऱ्हाइकाला सांगायचे. एवढ्या फेऱ्यांत ट्यूबमधली हवासुद्धा कंटाळून निघून गेली असती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी श्रावणात अंबडचा एक टायरवाला आला. त्याला आमचं दुकान भाड्यानं हवं होतं. फाट्यावरची जागा, चारी बाजूंनी गाड्या. त्याची नजर बरोबर होती. सासऱ्यांनी त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "देऊन टाकावं म्हणतो. तू बी घरी बस निवांत."

"मी निवांत बसू द्या असं कधी म्हणाले, मामा?"

"तसं न्हाई. पण टायर बाईला इचारून कोण घेतं? मी हाय तवर चाललं. मंग?"

रडारड करून दुकान टिकत नसतं. पण दोनच दिवसांनी धाकटा दीर दुकानात आला आणि मला संधी दिसली.

दीर दुधाचा धंदा करायचा. शंभर सीसीची मोटरसायकल, मागं दोन्हीकडं दुधाच्या कॅन, रोज सकाळी शिवारातलं दूध गोळा करून फाट्यावर आणायचा. त्याला पोळ्याच्या शर्यतीत उतरायचं होतं. ही शर्यत तीन-चार वर्षांपासून सुरू होती. फाट्याजवळ वळणरस्त्याचा, म्हणजे बायपासचा, एक सरळ तुकडा डांबर टाकून तयार होता, पण वाहतुकीला उघडला नव्हता. पोळ्याच्या सकाळी, बैल वेशीत जायच्या आधी, तिथं मोटरसायकली पळवायच्या. दोन-दोन गाड्या, जागेवरून सुटायचं आणि सरळ पाव मैल. वळण नाही, दुसरा फेरा नाही. म्हणून सुटायच्या क्षणीच अर्धा निकाल लागायचा.

नियम मात्र कडक होते. आदल्या वर्षी एकानं टायरची नक्षी रेतीच्या कागदानं घासून गुळगुळीत केली होती, आणि घरी जाताना तो पडून हात मोडून बसला होता. तेव्हापासून पंच म्हणून बसणारे निवृत्त हवालदार प्रत्येक टायरच्या खाचेत आगपेटीची काडी खोचून बघायचे. काडीचा गूल खाचेत बुडाला तर गाडी पास. गाडी रोजच्या कामाची हवी, कागद हवेत, नंबरप्लेट हवी, डोक्याला हेल्मेट हवं. आणि ज्या टायरवर आलास त्याच टायरवर घरी जायचं, मध्ये बदलायचं नाही.

सासरे पटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, जुने शौकीन. त्यांच्या बैलजोडीचं नाव पंचक्रोशीत होतं म्हणतात. मी बघितली नाही. मी त्यांना सरळच म्हणाले, "मामा, अंबडवाल्याची गाडी पण शर्यतीला हाय. त्याचा भाचा चालवतो, अंकुशनगरला कारखान्यात फिटर हाय तो. त्याचं टायर तो निवडंल, भाऊजींचं मी निवडते. माझं पुढं गेलं तर दुकान माझ्याकडं."

"आन न्हाई गेलं तर?"

"तर किल्ल्या तुमच्या हातात."

सासरे बाजेवर उठून बसले. पैजेचं नाव काढलं की त्यांचे गुडघे दुखायचे थांबत. "बिलकुल," म्हणाले.

आता टायर. दीर आल्या आल्या दातेरी टायरला हात घालून उभा राहिला, शेतात चिखलात चालतं ते. "वहिनी, हे बराबर. पकड बघा कसली."

"चिखलात पकड. डांबरावर ते दाते टाचा उचलून उभे राहतात. जमिनीला लागतं किती ते बघा. बोटाएवढं."

"मंग मोठं टाका. रुंद."

हे तर सगळ्यांनाच वाटतं. पण त्याच्या गाडीची रिम अरुंद. अरुंद रिमवर रुंद टायर चढवलं की ते घुमटासारखं गोल फुगतं आणि रस्त्याला मधली पट्टीच टेकते. अंगठ्याएवढं जास्त रबर विकत घ्यायचं आणि वापरायचं कमी.

रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवा थर चढवलेलं टायर, मी दाखवलंसुद्धा नाही. दुधाला ते चालतं. जोरात सुटताना वरचा थर निघाला तर दीर जाईल दवाखान्यात. दूधवाले नेतात ते कडक रबराचं, दोन पावसाळे काढणारं टायर त्याच्या गाडीला होतंच. कडक रबर झिजत नाही, आणि झिजत नाही म्हणूनच ते रस्ता धरत नाही. रस्ता धरायचा तर रबरानं थोडं स्वतःला द्यावं लागतं.

माळ्यावर मऊ रबराची तीन टायर पडून होती. रस्त्यावर चालवायचीच, कंपनीची, नक्षी उथळ आणि पसरट. लवकर झिजतात म्हणून कोणी घेत नव्हतं. मी शिडीवर चढले. दोन पत्र्याला लागून होती, दोन उन्हाळे शेकलेली. त्यांच्यावर अंगठ्याचं नख दाबलं तर नखच वाकलं. तिसरं खाली पोत्यात गुंडाळलेलं होतं. त्यात नख रुतलं, आणि हात काढल्यावर खूण हळूहळू भरून आली. तेच घेतलं. पुढच्या चाकाला मात्र जुनं, बारीक, कडक टायरच ठेवलं. पुढच्या चाकाला जोर लावायचा नसतो, नुसतं पळायचं असतं.

दीर म्हणाला, "ते तर दिवाळीपातूर गुळगुळीत होईल."

"पोळा आधी येतो."

राहिली हवा. दीर मागच्या टायरमध्ये चाळीस पौंड हवा भरायचा, कॅनच्या वजनासाठी. सगळे दूधवाले तसंच भरतात, आणि शर्यतीच्या दिवशी कॅन काढून ठेवतात पण हवा तशीच ठेवतात. रिकाम्या गाडीला दगडासारखं टायर! मी नवऱ्याला शाळेतून खडू आणायला सांगितलं. टायरवर आडवा खडू फासायचा, गाडी दहा पावलं सरळ न्यायची आणि उतरून बघायचं. चाळीसला फक्त मधली रेघ पुसली. वीसला दोन्ही कडा पुसल्या आणि मध्ये पांढरं राहिलं. शिवाय एवढ्या कमी हवेत ट्यूब सरकून वॉल्व्ह फाटायची भीती. सव्वीसला खडू सगळीकडून सारखा गेला. शनिवारी आलेला नवरा कडेला उभा होता, म्हणाला, "फळ्यावर इतका खडू मी महिन्यात वापरत न्हाई."

शेवटचं काम दिराला पटेना. नव्या टायरवर साच्याचा तेलकट थर असतो, तो गेल्याशिवाय ते घसरतं. म्हणून आठ दिवस त्याच टायरवर दूध आणायचं, मी म्हणाले. त्यानं कुरकुर केली, पण आणलं. आठव्या दिवशी टायरची चकाकी गेली होती आणि हात फिरवला तर ते हाताला धरत होतं. पोळ्याच्या आदल्या दुपारी मी स्वतः ते धुतलं, सव्वीस पौंड हवा ठेवली आणि गाडी गोठ्याशेजारी उभी केली. माझ्या बाजूनं काही राहिलं नव्हतं.

पोळ्याच्या सकाळी रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं. आम्ही बायका एका बाजूला, लिंबाखाली. चिठ्ठ्या निघाल्या आणि दिराची पहिलीच जोडी अंबडवाल्याच्या भाच्याशी लागली. भाच्याच्या गाडीला नवं कोरं रुंद टायर. अंबडवाला सगळ्यांना थोपटून दाखवत होता, जणू म्हैस विकायला आणलीय. हवालदारांनी दोघांच्या खाचांत काडी खोचली. दिराच्या टायरमधून काढलेली काडी त्यांनी जरा न्याहाळली, हसले आणि मान हलवली. मला लांबून एवढंच दिसलं.

हवालदारांचा रुमाल खाली आला. भाचा सुटला. दिराचं मागचं चाक जागेवरच गरगरलं, गाडीनं शेपूट हलवलं, मग कुठं पळाली. शेवटी त्यानं बरंच अंतर तोडलं, तरी एका चाकानं हरला.

बायकांत कोणीतरी म्हणालं, "गेलं की गं दुकान."

मी चालत पलीकडं गेले. दीर हेल्मेट काढून शिव्या घालत होता. मी खाली बसून टायरला हात लावला. मध्ये कोरडं होतं, पण खाचांत बोट घातलं तर बोट पिवळं होऊन आलं. वास घेतला. तूप. तूप आणि हळद.

"भाऊजी, हे कुणी लावलं?"

"मला काय म्हाईत! मी आत्ता बघून राह्यलो."

मागून काठीचा आवाज आला. सासरे. माझं बोट बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"मी लावलं," ते म्हणाले. "काल सांजच्याला बैलाचे खांदे मळले. ही बी तिथंच हुबी व्हती. म्हणलं, उद्या भार तर हिलाच घ्यायचा. हिचा खांदा कोणता? टायरच की. मंग दिलं मळून."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळायचे, हे त्यांनी सत्तर वर्षं केलं होतं. पैज माझ्याविरुद्ध, आणि तरी गाडी आपली म्हणून त्यांनी तिला मळली होती. लबाडी करणारा माणूस गाईचं तूप वापरत नाही. दीर मात्र ओरडला, "अहो आबा, बैल हाय का त्यो!"

"गप," मी म्हणाले. "मामा, पैज टायरवर होती. तुपावर न्हवती."

सासरे काठी टेकत सरळ अंबडवाल्याकडं गेले. तोवर बाकीच्या जोड्या पळून भाचा सगळ्यांत पहिला आला होता आणि बक्षिसाचा तांब्याचा हंडा डोक्यावर घेऊन मिरवत होता.

"पाव्हणं, आणिक एक डाव."

"मामा, शर्यत झाली. हंडा भेटला. आता कशाचा डाव?"

"हंडा तुमचाच. चूक माझी हाय, माझ्या हातानं तूप लावल्तं. तुमची गाडी तुपावर जिंकली का टायरवर, हे तुम्हाला नको का कळाया?"

अंबडवाला टाळत होता. पण भाचा फिटर होता, त्याला राहवेना. "होऊ द्या की मामा. जल्दी करा फक्त, गावाकडं पोळ्याला जायचंय."

हवालदारांनी बजावलं, टायर बदलायचं नाही. बदलायचं कोणाला होतं? धुऊ नका असं तर नियमात नव्हतं. लिंबाखाली चहाची टपरी होती. मी चुलीतली गार राख घमेल्यात घेतली, टपरीवालीचा भांडी घासायचा काथ्या घेतला आणि मागचं चाक फिरवत टायर घासायला बसले. तुपाची कढई जशी घासतात तशी. आधी कोरडी राख, ती तूप शोषून घेते, मग ओली राख, मग सोड्याचं पाणी. खाच न् खाच काथ्यानं कोरली. भोवती माणसं गोळा झाली. एकजण म्हणाला, "वहिनी, आमच्या घरची कढई बी आणू का?"

"आणा. पण आधी घरात तूप हाय का बघा."

नंतर दिराला म्हणाले, "आता तीन-चारदा जागेवर चाक फिरवून रस्त्यावर घासा. गरम होऊ द्या." त्यानं घासलं. रबराचा वास आला, नुसत्या रबराचा. मी टायरवर तळहात ठेवला. कोमट होतं आणि धरत होतं. मग बाजूला झाले.

रुमाल पडला. या वेळी चाक गरगरलं नाही. गाडी अशी सुटली की दिराची मान मागं गेली. पहिल्या पन्नास पावलांतच तो दोन गाड्यांइतका पुढं होता. भाच्याचं इंजिन दमदार होतं, तो शेवटपर्यंत अंतर कमी करत आला, पण पूर्ण नाही भरलं. भाचा परत आला तो सरळ दिराच्या मागच्या चाकाशी बसला, नख दाबून बघितलं आणि मला विचारलं, "वहिनी, हे कोणतं म्हणलात?"

त्याच्या मामाला नाही, सासऱ्यांना नाही. मला विचारलं. मी सांगितलं, आणि हेही सांगितलं की तसलं आता माळ्यावर चांगलं एकही नाही, आणि त्याचं रुंद टायर त्या रिमला चुकीचं आहे.

अंबडवाल्यानं हंडा गाडीत ठेवला. जाता जाता सासऱ्यांना म्हणाला, "मंग मामा, दुकानाचं काय करायचं?"

सासऱ्यांनी काठी माझ्याकडं केली. "मालकिणीला इचारा."

मी नाही म्हणाले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

टायर दिवाळीच्या आतच गुळगुळीत झालं, मी सांगितल्यापेक्षा चार दिवस आधी. दिराला परत कडक रबराचं बसवून दिलं. दूध काही पाव मैलात पोचवायचं नसतं. "मालक कुठं गेले" हा प्रश्न मात्र लगेच बंद झाला नाही. सासरे बाजेवरून नुसते आत बोट दाखवायचे आणि पडून राहायचे.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी गोठ्यात गेले तेव्हा बैलांचे खांदे मळून झाले होते. सासरे वाटी हातात घेऊन मोटरसायकलीसमोर उभे होते. वाटीच्या तळाला थोडं तूप उरलं होतं. मला बघून त्यांनी हात मागं घेतला.

"हँडलला लावू का?"

"नको. हात सटकतात."

"सीटला?"

"भाऊजी सटकतील."

ते विचारात पडले. मी म्हणाले, "टाकीला लावा."

त्यांनी टाकीला लावलं, दोन्ही बाजूंना, अगदी बैलाला लावतात तसं चोळून. उरलेलं बोटानं पुसून घेतलं, आणि चाकांना हात न लावता घरात गेले.