साबणाच्या डबीतला पलंग

नाट्यगृहाच्या रंगमंचाला लागून, उजवीकडच्या पडद्याच्या घडीत, एक लाकडी स्टूल आहे. त्या स्टुलावर एक माणूस सतरा वर्षं बसतो आहे. त्याच्या मांडीवर नाटकाची वही असते, हातात बोटाएवढी टॉर्च असते, आणि नट वाक्य विसरला की तो ते अंधारातून कुजबुजतो. प्रेक्षकांनी त्याला कधी पाहिलेलं नाही. प्रेक्षकांना तो ऐकू जाईल त्या दिवशी त्याची नोकरी जाईल. सगळे त्याला प्रॉम्प्टर म्हणतात. लाडात आली की बायकोसुद्धा.

इतकी वर्षं कुजबुजून त्याचा मोठा आवाज कुठेतरी हरवला होता. बस थांबवायची तर तो हातरुमाल हलवायचा. दुसरी खोड याहून वाईट. समोरचा माणूस बोलता बोलता अडला की पुढचा शब्द याच्या तोंडून निसटायचाच. बँकेतला कारकून "तुमचा अर्ज..." म्हणून चष्मा पुसायला थांबला, तर हा हळूच पुरवायचा, "अपुरा आहे." कारकून म्हणायचा, "हो, अपुरा आहे," आणि चांगला पुरा भरलेला अर्ज परत करायचा.

फक्त एकदा त्याला वाक्य सापडलं नव्हतं. त्याची बायको नर्स. दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका हॉस्पिटलात नोकरीला निघाली, तेव्हा दारात बॅग धरून म्हणाली, "मुलांना..." आणि थांबली. हा तोंड उघडं टाकून उभा. डोक्यातली सगळी पानं कोरी. शेवटी थोरली लेकच म्हणाली, "आई, टॅक्सी खोळंबलीय."

आता बायकोने तिकिटं पाठवली होती. शाळेच्या सुट्टीत तिघांनी तिच्याकडे यायचं, सहा आठवडे राहायचं. थोरली नऊ वर्षांची होती आणि घरातल्या सर्वांची मुख्याध्यापिका होती. धाकटा पावणेचार वर्षांचा. रांगत असताना त्याने बापाच्या शर्टाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून त्याला बटण हेच नाव पडलं. बटण स्वतः मात्र दुसऱ्याच दिवशी बाहेर आलं होतं.

आई गेली तेव्हा बटण पावणेदोन वर्षांचा होता. त्याला ठाऊक असलेली आई फोनमध्ये राहायची. रोज संध्याकाळी ती दिसायची, तळहाताएवढी, निळसर, कधी बोलता बोलता थिजायची, कधी तिचा चेहरा चौकोनी तुकड्यांत सांडायचा आणि पुन्हा गोळा व्हायचा. फोन चार्जिंगला भिंतीला जोडला की बटण सगळ्यांना दबक्या आवाजात सांगायचा, "आई जेवतेय."

एका संध्याकाळी बटण आंघोळीला गेलेला बघून बायको फोनवर म्हणाली, "अरे, एक विचारू? बटण माझ्याकडे येईल ना? म्हणजे मला समोर बघून तो..."

"धावत येईल," प्रॉम्प्टर म्हणाला.

हे वाक्य कुठल्याच वहीत नव्हतं. सतरा वर्षांत पहिल्यांदाच त्याने जाणूनबुजून पदरचं वाक्य पुरवलं होतं, आणि आता ते खरं करून दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडली.

तयारीचा त्याला एकच प्रकार माहीत होता: तालीम. लोक प्रवासाआधी सामानाची यादी करतात, याने सोळा पानांचं नाटक लिहिलं. अंक पहिला, विमानतळ. अंक दुसरा, विमान. अंक तिसरा, आई. रविवारी सकाळी रंगमंच रिकामा असे, तेव्हा तिथे तालीम सुरू झाली. पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या भूमिकेत खलनायककाका. काकांनी आजवर रंगमंचावर एकतीस नायक मारले होते आणि साधं "पाणी द्या" म्हणाले तरी समोरच्याचा घसा कोरडा पडायचा. उरलेल्या सगळ्या भूमिका, म्हणजे सुरक्षारक्षक, हवाईसुंदरी आणि आई, नाटक कंपनीचे कपडे सांभाळणाऱ्या मावशींकडे. मावशी साठीच्या, अघळपघळ, तोंडात कायम चार टाचण्या.

"कुठे चाललात?" खलनायककाका सिंहासनावरून गरजायचे.

"आईकडे," थोरली छातीवर हात ठेवून म्हणायची.

"किती दिवस?"

"सहा आठवडे."

"सोबत कोण आहे?"

"हे माझे वडील आहेत."

"पुन्हा! ताठ उभी राहा! विमानतळावर दया नसते!"

"काका, जरा हळू," प्रॉम्प्टर कुजबुजला.

"हळू तू बोल. तुला तेवढंच जमतं."

सगळं क्रमाने पाठ झालं. दुसऱ्या अंकात काकांनी "विमान डावीकडे वळतंय!" असं ओरडून खुर्च्यांची रांग गदागदा हलवली आणि बटण खरोखरच ओकला, राजाच्या सोफ्यावर. "पोरगं भूमिकेत शिरतं," काका भारावून म्हणाले. सोफा मावशींनी धुतला.

घोडं अडलं ते तिसऱ्या अंकात. मावशी टाचण्या काढून, हात पसरून उभ्या राहिल्या. बटण जागचा हलला नाही.

"धाव ना रे सोन्या," मावशी म्हणाल्या, "मी आई आहे असं समज."

"आई एवढी नसते," बटण म्हणाला.

"म्हणजे लठ्ठ म्हणतोस मला?"

"आई एवढी असते." त्याने तळहात पुढे केला.

काका आणि मावशी इतके हसले की वरचे दिवे हलल्यासारखे वाटले. प्रॉम्प्टर हसला नाही. त्या दिवशी घरी जाऊन त्याने भिंतीवर बायकोच्या उंचीची पेन्सिलीने खूण केली आणि बटणला दाखवली. बटणने मान वर करून बराच वेळ त्या रेघेकडे पाहिलं.

"मग ती फोनमध्ये मावते कशी?"

प्रॉम्प्टर पेन्सिलीला टोक काढू लागला.

"घडी घालून," थोरली म्हणाली.

झालं. दुसऱ्या दिवशी बटणने न्हाणीघरातली साबणाची डबी धुऊन घेतली. येताना आईला घेऊन यायचं, आणि इतक्या लांबच्या प्रवासात ती झोपणार कुठे? मावशींनी, काय चाललंय हे न विचारता, राणीच्या झग्यातून उरलेल्या लाल मखमलीची गादी शिवून दिली. काडेपेटीएवढी. वर एक उशी, हरभऱ्याएवढी.

सामान भरलं गेलं. पासपोर्ट, तिकिटं, तापाचं औषध, सोफ्याच्या अनुभवावरून कागदी पिशव्या, आणि सर्वांत वर मुलांच्या आईचं सहीशिक्क्याचं पत्र: मुलं वडिलांबरोबर येताहेत, माझी हरकत नाही. एकटा बाप दोन मुलं घेऊन निघाला की असं पत्र लागतं, हे प्रॉम्प्टरला समजलं होतं. डबी बटणच्या खिशात होती.

विमानतळावर काचेमागे बसलेली अधिकारीबाई खलनायककाकांसारखी मुळीच नव्हती. नीटस होती, थकलेली होती आणि चक्क हसली. तालमीत कुणी हसलं नव्हतं. थोरली तिथेच गडबडली.

"नाव काय गं तुझं?"

थोरलीने छातीवर हात ठेवला. "आईकडे."

"अं? वय किती?"

"सहा आठवडे."

बाईंनी पासपोर्टकडे पाहिलं, मग थोरलीकडे. मग बटणकडे बोट केलं. "आणि हा कोण?"

"हे माझे वडील आहेत."

प्रॉम्प्टरचे ओठ आपोआप हलू लागले. नट अडला की ते हलतातच, त्याचा त्यांच्यावर ताबा नव्हता. "भाऊ... धाकटा भाऊ..."

बाईंचं हसू मावळलं. "तुम्ही काय सांगताय तिला हळूच?"

"काही नाही," तो कुजबुजला.

"मोठ्याने बोला."

"हाच मोठा आहे."

"काय करता आपण?"

"लोकांना... काय बोलायचं ते सांगतो. अंधारातून."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला कळलं की ते कसं ऐकू आलं असेल. बाई खुर्चीत सरळ झाल्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, उजेडात धरलं, आणि मग काचेवर झुकून सगळ्यांत लहान साक्षीदाराला विचारलं, "बाळ, तुझी आई कुठे आहे?"

बटणने खिशातून डबी काढली, झाकण उघडलं आणि काउंटरवर ठेवली. आत लाल मखमल.

"यात मावते," तो म्हणाला.

बाईंचा हात तोंडावर गेला. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी टोपी काढली.

"नाही, नाही!" प्रॉम्प्टर किंचाळला, म्हणजे शेजाऱ्याला ऐकू येईल इतकं बोलला. "ती आहे! जिवंत आहे! नर्स आहे!"

"फोन लावा," बाई म्हणाल्या.

फोन लागला. आई हॉस्पिटलच्या जिन्यात उभी होती, डोक्याला टोपी, तळहाताएवढी. तिने मुलांची नावं, वयं, बटणच्या गुडघ्यावरचा तीळ, सगळं घडाघडा सांगितलं. थोरलीने आता खरी उत्तरं दिली, तीही रडत. बटणने डबी उचलून फोनशेजारी धरली.

"बघा," तो बाईंना म्हणाला, "बरोब्बर मावते की नाही?"

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि शिक्के मारताना म्हणाल्या, "अगदी बरोब्बर."

झालं होतं काम. पण विमानात खिडकीबाहेर ढग कापसासारखे पसरले असताना प्रॉम्प्टरच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आता सरकारी अधिकाऱ्यानेही आईचं माप कायम केलं होतं. बटण डबी पोटाशी धरून झोपला होता. विमान डावीकडे वळलं, तेव्हा ओकला तो प्रॉम्प्टर.

पलीकडच्या विमानतळावर बाहेर पडण्याचा दरवाजा आपोआप उघडला. समोर लांबच लांब दालन होतं, आणि कठड्यापाशी बायको उभी होती. केस आखूड केलेले. फोनमध्ये दिसली नव्हती इतकी दमलेली. थोरली ट्रॉली सोडून धावली आणि तिच्या गळ्यात पडली. मग बायको गुडघ्यांवर बसली आणि तिने दुसऱ्यासाठी हात पसरले.

बटणने बापाची पँट धरली. तिच्याकडे पाहिलं. डबीकडे पाहिलं.

"ही मोठी आहे," तो म्हणाला. "ही आई नाही."

बायकोचे हात तसेच पसरलेले राहिले. "बटण," ती म्हणाली, "अरे, मी..."

आणि थांबली.

प्रॉम्प्टरच्या ओठांवर दहा वाक्यं जमा झाली. पण त्या स्टुलावर बसून तो एक गोष्ट शिकला होता: नट विसरला आहे की नुसता थांबला आहे, हे ओळखायचं. थांबलेल्याला वाक्य पुरवणं हा त्याच्या धंद्यातला सर्वांत मोठा गुन्हा. त्याने तोंड मिटलं.

"आई," थोरली म्हणाली, "तू त्याला फोनएवढीच माहीत आहेस. लांब जा. लहान हो."

"किती लांब?"

"तू चालायला लाग. मी सांगते."

बायको उठली आणि पाठमोरी न होता, उलट पावलांनी, मागे मागे जाऊ लागली. एका ट्रॉलीवर आदळली, माफी मागितली. कॉफीचा गाडा मागे टाकला, पहिला खांब गेला. बटणने हात लांब करून डबी समोर धरली आणि एक डोळा मिटला, मावशी कापड मापताना मिटतात तसा.

"अजून मोठी आहे."

"आई, अजून!" थोरली ओरडली. दुसरा खांब. "अजून!" पण आता गर्दीच्या गोंगाटात थोरलीचा आवाज मधेच विरत होता. बायको कानाला हात लावून उभी राहिली. ऐकू येत नव्हतं.

तेव्हा प्रॉम्प्टरने छाती भरून श्वास घेतला.

"अजून मागे जा!"

हा आवाज कुठून आला हे त्यालाही कळलं नाही. दालनाच्या काचा थरथरल्या. वीस-पंचवीस अनोळखी माणसं, भाषा कळो न कळो, निमूटपणे दोन पावलं मागे सरली. फरशी पुसणारा माणूस बादलीसकट मागे सरला. आणि दूर, तिसऱ्या खांबापलीकडे, बायको मागे गेली, आणखी मागे, पेन्सिलीएवढी झाली, बोटाएवढी झाली.

"मावली," बटण म्हणाला.

त्याने रोजच्यासारखा हात हलवला. त्या टोकाकडून तिनेही हलवला. तिचे ओठ हलताना दिसले. बटण कान टवकारून थांबला, मग रोज संध्याकाळी ओरडायचा तसाच ओरडला, "आई, आवाज येत नाहीये!"

तिचे ओठ पुन्हा हलले.

"आवाज येत नाहीये!" आणि ऐकायला म्हणून तो पुढे झाला. एक पाऊल, दोन पावलं, मग धावतच सुटला. ती दर पावलागणिक वाढत होती, गुडघ्याएवढी, कंबरेएवढी, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण मोठी होताना ती त्याच्या डोळ्यांदेखत मोठी होत होती. मखमलीची गादी वाटेत पडली. कुणाच्या तरी बुटाला चिकटून ती दुसऱ्याच देशाला गेली असणार.

तिच्यापासून एका पावलावर तो थांबला. मान वर करून त्याने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि रिकामी डबी दाखवली.

"आता तू यात मावायची नाहीस."

"नाही रे," ती म्हणाली. ती रडत होती.

"मग झोपणार कुठे?"

तिने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. हे मात्र खरोखरचं विसरणं होतं. ट्रॉली ढकलत मागून येऊन पोचलेल्या माणसाला ते लगेच कळलं.

"तुझ्या शेजारी," तो कुजबुजला.

"तुझ्या शेजारी," ती म्हणाली.

बटणने विचार केला. डबी खिशात घातली. मग दोन्ही हात वर केले, उचलून घे म्हणून.

"चालेल," तो म्हणाला, "पण माझी उशी घ्यायची नाही."