पडद्याकडे पाठ

हसुरामदादा स्वतःचा सिनेमा पडद्याकडे पाठ करून बघायचे. पडद्याच्या डाव्या कडेला प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीचे तोंड लोकांकडे आणि तिच्यात हे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले. मागे नवरा-बायकोचे कडाक्याचे भांडण चाललेले असायचे आणि हे समोरच्या एखाद्या म्हातारीकडे बघून गालात हसत असायचे. मी विचारले तेव्हा म्हणाले, "पिक्चर मीच बनवलाय सायेब, त्यात काय व्हनार ते मना ठावूक हाय. ही मानसा काय करतीन ते नाय ठावूक."

मी साहेब वगैरे कधीच नव्हतो. सीबीडी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत आम्ही दोघेही कारकून. ते जवळच्या दिवाळे गावचे कोळी, मी देशावरून येऊन कामोठ्यात फ्लॅट घेतलेला. एका दुपारी मी एका गृहस्थांना त्यांचा अर्ज का घेता येत नाही ते समजावत होतो. 'सदर', 'विहित', 'उपरोक्त' असे सगळे दागिने घालून माझे मराठी ऐन रंगात आले होते. मागे शेजारच्या विभागातले हसुरामदादा उभे होते. गृहस्थ हताश होऊन गेले आणि दादांनी टाळी वाजवली. म्हणाले, कधीपासून शोधतोय, आज सायेब भेटला.

तेव्हापासून त्यांच्या चारही सिनेमांत मी साहेब. हातात कागद घेऊन कोळीवाड्यात शिरायचे, पुस्तकी मराठी झाडायची आणि निघताना चिखलात पडायचे. मी पडलो की पब्लिक शिट्ट्या मारायचे. अभिनय माझा होता की चिखलाचा, हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही.

हे सिनेमे आगरी-कोळी बोलीतले, खाडीकाठच्या गावांसाठी काढलेले. थिएटरवाले उभे करत नसत, म्हणून दादा गावोगावी मंडळाच्या मैदानात पडदा बांधायचे. तिकिटे विकायच्या मंजुळावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी. दिवाळ्यात मासे विकायला बसायच्या तेव्हा तिकिटांचा गठ्ठा पाटीखाली असायचा. गिऱ्हाइकाने पापलेट घेतले की त्या पिशवीत तिकीटही टाकायच्या आणि बजावायच्या, "बायकोला घेऊन ये. एकटा आलास तं आत नाय सोरनार." त्या तिकिटांना बोंबलाचा असा दरवळ असे की माझी बायको ती गॅलरीत वाळत टाकायची. एका सिनेमाच्या तिकिटांवर पुढचा सिनेमा उभा राहायचा. दुसरा कोणी पैसे घालणारा नव्हता.

एवढा उपद्व्याप कशासाठी, असे मी एकदा डबा खाताना विचारले. दादांनी कोलंबीचे शेपूट बाजूला ठेवले. "आमच्या पोरांना शालेत आपल्या बोलीत बोलायची लाज वाटते. पडद्यावर कोनी मोठ्या तोंडानं तीच बोली बोलला का ती लाज जाते. मी बघतंय ना समोर बसून."

तिसरा सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या दोन-तीन गावांतच कोणीतरी तो मोबाईलवर सबंध उतरवून घेतला. आम्ही पुढच्या गावात पोचायच्या आत सिनेमा ग्रुपवर पोचलेला असायचा. त्याच सुमारास खाडीपलीकडच्या एका हळदीचे आमंत्रण आले, दादा प्रमुख पाहुणे. मीही इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मांडवात मोठा पडदा होता आणि पडद्यावर आमचाच सिनेमा, तोच मोबाईलवर उतरवलेला. खाली त्या शोच्या प्रेक्षकांच्या डोक्यांच्या सावल्या. ऐन रडण्याच्या प्रसंगी त्यातला एक जण उठून बाहेर गेला, परत आला, आणि मांडवात त्याच्यासाठी टाळ्या पडल्या, कारण तो नवरदेवाचा मावसा होता. मग यजमानांनी माईक घेतला. दादांचा पिक्चर आपण अख्ख्या आळीला फुकट दाखवतोय, कोणाकडून एक रुपया घेतला नाही, असे त्यांनी अभिमानाने सांगितले आणि दादांना शाल-श्रीफळ दिले. दादांनी वाकून नमस्कार केला. पुढच्या रांगेत दिलेली खुर्ची त्यांनी उचलली, फिरवली आणि लोकांकडे तोंड करून बसले.

परतताना रिक्षात शाल मांडीवर होती. दादा म्हणाले, "परक्यानं चोरला असता तं मी त्याच्या नावानं बोंब मारली असती. यांनी मना शाल दिली." मी समजूत घालायला गेलो, की मोठमोठ्या सिनेमांचीही चोरी होते. त्यांनी मान हलवली. "मोठ्यांचा चोरला तरी बाकीची दुनिया उरते सायेब. माजी दुनिया खाडीच्या दोन काठांची. चार ग्रुपवर पिक्चर गेला का माजी दुनिया संपली."

माझ्या आग्रहावरून आम्ही पोलीस चौकीत तक्रार नोंदवायला गेलो. तिथल्या माणसाने सगळे आदबीने लिहून घेतले आणि मध्येच माझ्याकडे निरखून विचारले, चिखलात पडणारे साहेब तुम्हीच ना? आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी अनोळखी माणसाने ओळखले होते. मी फुललो. कुठे पाहिलात, म्हणून विचारले. ते म्हणाले, ग्रुपवर आला होता. दादा इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. हसणे थांबल्यावर मात्र त्यांचा चेहरा बघवेना.

पुढच्या शोपासून खुर्ची तिथेच होती, पण दादा आता म्हातारीचे हसू शोधत नव्हते. अंधारात कुठे मोबाईल उजळतो का, यावर त्यांची नजर असायची. कोणी नुसती वेळ बघितली तरी हे खुर्चीतून अर्धे उठायचे.

आणि मग त्यांनी डोके लढवले. चौथ्या सिनेमात एक म्हातारी वर्षानुवर्षे ज्या मोकळ्या जागेवर बोंबील सुकवते, ती जागा तिची नाही असा कागद घेऊन साहेब येतो. म्हातारीचे काम मंजुळावहिनींचे. साहेबाबद्दल सांगायला नको. तर या सिनेमाचा शेवट दादांनी चित्रित केलाच नाही. चिखलात पडून उठलेला साहेब म्हातारीच्या दाराच्या कडीला हात लावतो आणि पडदा पांढरा होतो. त्याच क्षणी पडद्याच्या एका बाजूने त्याच शर्टात, तोच चिखल माखून मी बाहेर यायचो आणि दुसऱ्या बाजूने डोक्यावर पाटी घेऊन वहिनी. दिवाळ्यातल्या पहिल्या शोला पुढच्या बायका भूत दिसल्यासारख्या किंचाळल्या.

वहिनी लोकांकडे वळून विचारायच्या, "सांगा गो, हितं कोनाकोनाच्या आयशीनं बोंबील सुकवलं?" आणि मैदानातून नावे यायला लागायची. कोणी आईचे नाव ओरडायची, कोणी सासूचे. म्हाताऱ्या उभ्या राहायच्या. नावे थांबतच नसत. ती ऐकत मी कागदाची घडी घालून खिशात ठेवायचो, आणि सिनेमा संपायचा. नाटकाचा मला जन्मभर शौक, पण त्या नावांपुढे उभे राहताना मला नाटक करावे लागत नसे.

चोरांनी हाही सिनेमा उतरवला, पण शेवटाशिवाय, कारण नावे सुरू झाली की उतरवणाराही मोबाईल खाली करून आईचे नाव ओरडायचा. दादांना फोन यायचे, शेवट काय झाला? हे सांगायचे, या नि बगा. पुढे तर हा माणूस इतका चेकाळला की चोरीची कॉपी स्वतःच ग्रुपवर पाठवू लागला. वहिनींच्या पाटीखालचा गठ्ठा बाजार उठायच्या आत संपायचा. दादा पाचव्या सिनेमाचे बोलू लागले. मिठागरात राबलेल्या बायांची गोष्ट. आणि त्यात साहेब चिखलाऐवजी मिठात पडणार होता.

मग ते एक गाव आले. मैदान खच्चून भरलेले. पडदा पांढरा झाला, मी आलो, वहिनी आल्या. त्यांनी विचारले, हितं कोनाकोनाच्या आयशीनं बोंबील सुकवलं? कोणी बोलेना. समोर माणसे दिसतच नव्हती, नुसते मोबाईल वर धरलेले. ज्या शेवटासाठी सगळे आले होते तो प्रत्येकाला घरी न्यायचा होता, आणि रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज यायला नको म्हणून अख्खे मैदान श्वास रोखून गप्प होते. वहिनींनी पुन्हा विचारले. पुन्हा तेच. मग त्यांनी डोक्यावरची पाटी हळूच खाली ठेवली.

"मोबाईल खाली ठेवा गो बायांनो. मी हितं हाय ना. मना बगा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटले, हाच शेवट. मोबाईल काही कोणी खाली ठेवला नाही. एकही नाव न ऐकता मी कागद खिशात घातला.

सकाळपर्यंत शेवट सगळीकडे पोचला होता. उरलेल्या गावांनी प्रेमाने कळवले, दादा, बघितला, एकदम भारी, आता शो नको. दादा रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरे वाटले असते. घाबरू नका, ते ठणठणीत आहेत. निवृत्त झाले, भावाच्या होडीवर जातात. मी दिवाळ्यात गेलो की वहिनी पिशवीत दोन बोंबील जास्त टाकतात. पाटीखाली काही नसते. मी मिठागराचा विषय काढला की दादा विचारतात, "सुका जवला नेता का सायेब?"

परवा आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये शेजारच्या विंगमधले एक जण मोबाईल घेऊन जवळ आले. साहेब, हे तुम्हीच ना? काय डायलॉग मारलाय बाईंनी! माझ्यातला नट लगेच ताठ झाला. मी मोबाईल हातात घेतला. पांढरा पडदा, चिखल माखलेला मी, वहिनी पाटी खाली ठेवतायत. डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची. तिच्यात हसुरामदादा, गुडघ्यांवर हात, पडद्याकडे पाठ. ते थेट मोबाईलकडे बघत होते, म्हणजे तो हातात धरलेल्या माझ्याकडे. टाळ्या सुरू झाल्या तरी त्यांची नजर हलली नाही.

"मस्त आहे ना?" शेजारी म्हणाले. "पाठवू तुम्हाला?"