पट्टा पडेपर्यंत

भिवराबाईच्या सत्यभामेचे वरचे चार दात पुढे होते. ओठ मिटला तरी ते बाहेर राहत, आणि झोपेत तर पोर कुणाकडे तरी बघून हसते आहे असे वाटे. धारूरच्या घाटाखालच्या त्या वस्तीवर कुणी कुणाचे व्यंग झाकून बोलत नाही. शेजारची साखराबाई म्हणायची, "भिवरे, तुझ्या पोरीला मक्याचं कणीस सोलाया हात लागत न्हाईत." भिवराबाई हसून सोडून द्यायची. दोन ठिकाणची माणसे सत्यभामेला बघून, चहा पिऊन गेली आणि परतून निरोपसुद्धा दिला नाही. नवरा उत्तरेश्वर त्या दिवशी जेवला नाही. भिवराबाई मात्र पोटभर जेवली.

तिला त्या दातांचा राग येत नव्हता. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम दारात उभा करत नाही. म्हणून या भागात दसऱ्याच्या आधी घाईघाईने लग्ने लागतात. भिवराबाईचे असेच लागले होते, तेराव्या वर्षी. हळद अंगावर असतानाच ती ट्रकमध्ये चढली होती. त्याचे आता काही वाटत नाही, असे ती म्हणे. खरोखरच तिला फारसे काही वाटत नसे. पहाटे उठून फडात जायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. अंगाला सवय होते, तशी मनालाही होते.

दातांना तार बसवण्याची गोष्ट निघाली ती सहकारी कारखान्याच्या दवाखान्यामुळे. कारखान्याचे चेअरमन भगवानराव यांच्या नातीचे दातही असेच पुढे होते. तिच्यासाठी लातूरहून एक डॉक्टरीणबाई दर शनिवारी यायच्या. पुढे संचालक मंडळाची निवडणूक आली, तेव्हा भगवानरावांनी सभासदांच्या आणि मजुरांच्या मुलांनाही फुकट तार जाहीर करून टाकली. निवडणूक झाली, भगवानराव निवडून आले. पाऊस मात्र पडला नाही, पुढल्या वर्षीही पडला नाही. ऊस नाही म्हणून कारखाना पेटलाच नाही. वजनकाट्यावर कुत्री झोपू लागली. पण दवाखाना बंद करायचे कुणाच्या लक्षात आले नाही, आणि डॉक्टरीणबाई येत राहिल्या.

उत्तरेश्वरने तार बसवायला लगेच हो म्हटले. त्याला वाटले, हे पायाच्या प्लास्टरसारखे असेल, दीड-दोन महिन्यांत मोकळे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन वर्षं लागतील." उत्तरेश्वरचे तोंड पडले. भिवराबाई भिंतीला टेकून उभी होती. दोन वर्षे हा शब्द तिने नीट ऐकला. तार असलेली पोर कोण बघायला येणार?

सत्यभामा आजीजवळ राहून शाळा शिकत होती. आईबाप सहा महिने कृष्णाकाठी ऊस तोडायचे. पोर एकटीच जीपने कारखान्यावर जाऊन तार आवळून घेई. गावात टँकर आठवड्यातून एकदा यायचा. आजी, जानकीबाई, म्हणायची, "पेयाला घोट न्हाई, अन् ही महाराणी तीनतीनदा दात घासती!" सत्यभामा एका पेल्यात भागवायची आणि चूळ मिरचीच्या रोपाला टाकायची. घरात त्या उन्हाळ्यात दुसरे काही हिरवे नव्हते. दात इतके निगुतीने ठेवले की डॉक्टरीणबाई इतर मुलांना तिचे तोंड उघडून दाखवत.

दुसऱ्या वर्षी, पोळा झाल्यावर, टोळीतला गहिनीनाथ घरी आला. त्याच्या बायकोची कंबर गेली होती आणि मुलगा शहादेव एकोणीस वर्षांचा झाला होता.

"उत्तरेश्वर, तुझी पोरगी दे माझ्या शहादेवला," तो बसता बसताच म्हणाला. "पोरगं अर्धा कोयता हाय. मला दसऱ्याच्या आत जोडी पायजे."

"तिच्या दाताला तार हाय अजून."

"मग काढ की बे! तार काय जलमभर ठिवतो का? तारंसकट वरात काढू काय?"

दोघे मोठ्याने हसले. येत्या शनिवारी तार निघणारच होती. निघाली की साखरपुडा आणि पुढच्या सोमवारी लग्न, असे चहाच्या कपावर ठरले. सत्यभामा दहावीत होती. ती आतल्या अंधारात पुस्तक मिटून बसली. भिवराबाईने तिच्याकडे पाहिले आणि कपबशा उचलल्या.

शनिवारी चौघे कारखान्यावर गेले. गहिनीनाथला लग्नाआधी पोरीचे दात स्वतः बघायचे होते. भिवराबाईची डाव्या बाजूची दाढ वर्षभर ठणकत होती. मिसरी लावली की दाढही बधिर होते आणि फडात भूकही लागत नाही, म्हणून ती मिसरीवरच दिवस काढत आली होती. डॉक्टरीणबाईंनी तिची दाढ पाहिली आणि म्हणाल्या, "ही आजच काढू या. पुढं सहा महिने तुम्ही सापडायच्या नाहीत."

आधी सत्यभामेची तार निघाली. पक्कडीने एकेक चौकोनी तुकडा उचकटताना आवाज होई, तेव्हा भिवराबाईच डोळे मिटायची. मग तिने हळूच विचारले, "बाई, अजून काही दिस ठिवली असती तार तर?"

"कशाला? दात छान ओळीत आलेत. उगाच ठेवली तर किडतील."

दारात उत्तरेश्वर उभा होता. भिवराबाई भिंतीकडे सरकली. डॉक्टरीणबाईंनी सत्यभामेच्या दातांचा साचा घेतला आणि मागच्या खोलीत काहीतरी बनवायला ठेवले. मग त्या भिवराबाईकडे वळल्या. सुई टोचली. थोड्या वेळाने अर्धा ओठ, अर्धी जीभ, गालसुद्धा तिचा राहिला नाही. दाढ निघाली ते तिला ऐकू आले, पण समजले नाही. तोंडात कापसाचा बोळा कोंबून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा दाबून धरा. तासभर बोलायचं नाही, थुंकायचं नाही."

दुपारी मागच्या खोलीतून गुलाबी रंगाची, टाळूच्या आकाराची एक वस्तू आली. तिला पुढून एक बारीक तार होती.

"हा पट्टा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तार निघाली म्हणजे संपलं नाही. दात नव्या जागी अजून कच्चे आहेत. वर्षभर हा घालायचा. जेवताना काढून धुऊन ठेवायचा. आणि पट्टा पडू देऊ नका. पडून मोडला तर दात पुन्हा पुढं येतील, मग मला सांगू नका."

भिवराबाईने मान हलवली. पट्टा हा शब्द तिला वेगळ्या अर्थाने ठाऊक होता. तोडणीचा हंगाम संपून कारखान्याचे गाळप थांबले की सगळ्या टोळ्या म्हणतात, पट्टा पडला. त्या एका शब्दावर सहा महिने बाहेर राहिलेली माणसे घराकडे निघतात. तिला वाटले, दाताला हे नाव कुणी दिले असेल?

बाहेर वजनकाट्याच्या कठड्यावर दोघे पुरुष तंबाखू मळत बसले होते.

"झालं का वैनी?" गहिनीनाथने विचारले. "काय म्हणल्या डॉक्टरीणबाई?"

भिवराबाईने बोळ्याआडून सांगायचा प्रयत्न केला. ओठ तिचे ऐकेना. "पट्टा," ती म्हणाली, "पट्टा पडू दे..." आणि उरलेला शब्द कापसात राहिला. लाळ हनुवटीवर आली ती तिला कळलीही नाही. सत्यभामेने आईच्याच पदराने पुसली.

"पट्टा पडू द्या म्हणत्यात?" गहिनीनाथने हातातली तंबाखू तशीच धरली. "म्हंजे होळीच्या पुढं?"

"कावून पण?" उत्तरेश्वर म्हणाला. "तार तर निघाली."

"डॉक्टरीणबाईला पट्टा काय ठावं बे?"

"कारखान्याची डॉक्टरीण हाय ती. तिला ठावं नसंल तर कुणाला? दात अजून कच्चे असत्याल." उत्तरेश्वरने पोरीकडे पाहिले. "काय गं, असंच म्हणल्या का? पट्टा पडूस्तोवर थांबा?"

सत्यभामेच्या तोंडात नवा पट्टा होता, जीभ वळत नव्हती. तिने आईकडे पाहिले. भिवराबाईला बोळा काढता आला असता. बोटाने फक्त ओढायचा होता. एक शब्द नीट बोलला असता तर सगळे सरळ झाले असते. तिने बोळा दातांखाली आणखी घट्ट दाबला आणि मान खाली घातली. पुरुषांनी तो होकार समजला.

"मला दसऱ्याला कोयता लागतोय," गहिनीनाथ चिडला. "दात कच्चे आसले तर काय बिघडतंय? ती काय दातानं ऊस तोडणार हाय?"

"बिघडतंय की. उद्या दात पुन्हा पुढं आले तर तूच पोरगी माघारी धाडशील अन् म्हणशील, फसवलं. थांब एक हंगाम."

"एक हंगाम थांबाया मी सावकार न्हाई," गहिनीनाथ उठला. "बघतो मी माझं." तो जीपची वाट न बघता चालू लागला.

संध्याकाळी घरी सत्यभामेने जेवणाआधी पट्टा काढून ताटाशेजारी ठेवला. उत्तरेश्वरने तो पाहिला.

"हे काय गं?"

"पट्टा," सत्यभामा म्हणाली. आता तिचा शब्द स्वच्छ होता. "डॉक्टरीणबाई म्हणल्या, पडू देऊ नका. पडला की मोडतो."

उत्तरेश्वरने तो उचलला, उजेडाकडे धरला, उलटा-सुलटा केला. मग बायकोकडे पाहिले. तिच्या गालाला आता थोडी जाग आली होती आणि ठणका सुरू झाला होता. भाकरी थापताना तिने वर पाहिले नाही. गहिनीनाथचे घर चार उंबरे पलीकडे होते, उठून जायला वेळ लागला नसता. उत्तरेश्वरने पट्टा पोरीच्या हातात दिला.

"धुऊन ठिव," तो म्हणाला, आणि भाकरी मोडली.

दसरा झाला. टोळी कृष्णाकाठी उतरली. पहिल्याच सकाळी फडात भिवराबाईला शहादेवच्या मागे एक नवी पोर दिसली. घाटनांदूरकडची, नाव गीता. लग्न सात दिवसांपूर्वीचे, हातावरची मेंदी अजून तांबडी. गहिनीनाथने बघतो म्हटले होते, तसे बघितले होते. पोर सत्यभामेपेक्षाही बारीक होती. तिला मोळीची गाठ मारता येत नव्हती, बांधायला घेतलेले वाढे, उसाचे हिरवे शेंडे, निसटत होते, आणि शहादेव पुढून ओरडत होता, "आवर गं, ट्रक लागलाय!"

भिवराबाई तिच्याजवळ गेली. गाठ कशी मारायची ते दाखवले. गीताने दुसऱ्या प्रयत्नात मारली. मग भिवराबाईने मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली. पोरीची मान जरा वाकली, मग ताठ झाली.

"मावशी, तुमच्याच पोरीला आदी मागितलं होतं ना?" गीताने मोळीखालून विचारले.

"व्हय."

"ती काय करती?"

"दहावीला हाय."

"मामंजी म्हणत होते, तिला डॉक्टरनं नवे दात बसवलेत."

"न्हाई," भिवराबाई म्हणाली. "तिचेच हायेत."

गीता ट्रककडे निघाली. भिवराबाई तिच्या पायांकडे बघत राहिली. फळीवर पाय कसा आडवा टाकायचा हे सांगायचे राहिले होते. तिला काहीतरी वाटायला हवे होते, हे तिला कळत होते. तिने वाट पाहिली. मग खाली वाकून पुढची मोळी बांधायला घेतली, आणि गीता परत येईपर्यंत तिचीही एक बांधून ठेवली.