झिजलेला अंगठा

सिल्वासाच्या रेशन दुकानात ती माझ्यापुढे होती. गळ्यात मसाटच्या दोरी कारखान्याचं ओळखपत्र होतं. मशीनने तिचा अंगठा चारदा नाकारला. दर वेळी ती तो तेलकट केसांवर घासून पुन्हा टेकवायची. फक्त खडू धरणारा माझा अंगठा नेहमी एका झटक्यात चालायचा.

"मावशी, ठसा येत नाही. पुढच्या महिन्यात या," दुकानदार म्हणाला.

ती हलली नाही. "शेठ, अंगठा झिजला, पोट नाय झिजलं. ठसा नाय आला तर वहीत लिहून तांदूळ द्यायचा, असा नियम हाय. काढा वही."

"काढा वही," मागून आम्हीही म्हणालो.

वही निघाली. दुकानदाराने सवयीने शाईचं पॅड पुढे केलं. तिने ते बाजूला सारलं, पेन मागितलं आणि सावकाश पूर्ण नावाची सही केली.