ताईच्या बंद झालेल्या गोळ्या

माझी मोठी बहीण सौसरला दिली आणि मी पांढुर्ण्यातच राहिले, तिथल्याच शाळेत शिकवते. बसने गेलं की सकाळी निघून दुपारचं जेवण तिच्याकडे करता येतं. पन्नाशीच्या आसपास ताईला शुगर निघाली. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि साध्या चार गोष्टी सांगितल्या. भात कमी करा, जेवणाची वेळ चुकवू नका, रोज चाला, पायाला कुठं लागलं तर लगेच दाखवा. ताईने सगळं ऐकलं. ज्वारीची भाकर, पालेभाजी, तुरीचं वरण हे तर घरात होतंच. चहातली साखर सुटली. रिपोर्ट चांगले यायला लागले आणि आम्ही विसरूनही गेलो.

मग भाऊजी रिटायर झाले. आयुष्यभर हेडमास्तर असलेल्या माणसाला ऐकणारं कोणी उरलं नाही की तो काय करतो, ते मी त्या घरात पाहिलं. दिवसभर मोबाईलवर आरोग्याचे व्हिडिओ. कुठल्याशा शिबिराला नागपूरला जाऊन आले, येताना चूर्णाचे डबे घेऊन आले आणि जाहीर करून टाकलं, की गोळ्या म्हणजे सावकाश दिलेलं विष आहे. ताईच्या गोळ्यांचा डबा त्यांनी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकला. सकाळी उपाशीपोटी कारल्या-दुधीचा रस, दुपारी मोड आलेले मूग, संध्याकाळी सहाच्या आत जेवण.

मी फोन केला. "ताई, तू गोळ्या घेऊन राहिली ना?"

"नाही बाई. ते म्हणतात, आता गरज नाही."

"ते म्हणतात. तू काय म्हणतेस?"

ती हसली. "मले काय समजते त्यातलं? ते वाचतात ना."

हीच बाई तूर घेताना दाणा दाताखाली धरून पाहायची. तेल डोळ्यासमोर गाळून घ्यायची. बगीच्यातली संत्री विकायला निघाली की व्यापारी तिला विचारल्याशिवाय सौदा करत नसत. घरात काय शिजेल आणि कोणाच्या ताटात किती पडेल, ते तिने ठरवायचं. तिच्या रक्तात काय चाललंय, ते मात्र तिचा नवरा ठरवत होता.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत ती वाळली. भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "पाहा, किती हलकी झाली!" लोक खरंच कौतुक करायचे. रात्री चार-पाचदा उठावं लागतं, घसा सारखा कोरडा पडतो, हे ती फक्त मला सांगायची. शुगर मोजायचं मशीन मी घेऊन दिलं होतं. भाऊजींनी ते उचलून कपाटात ठेवलं. आकडे पाहून मन घाबरतं आणि मन घाबरलं की शुगर वाढते, असं त्यांचं म्हणणं.

मी समोरासमोर बोलले. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तू गणित शिकवते ना? मग शरीराचं मले शिकवू नको." ताई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. तिने मला जेवायला वाढलं आणि विषय बदलला.

हिवाळ्यात त्यांनी तिला दवातून अनवाणी चालायला लावलं. नसा मोकळ्या होतात म्हणे. बगीच्याच्या धुऱ्यावरून, बांधावरच्या गवतातून, ती रोज पहाटे चालायची. कधी काटा रुतला ते तिला कळलंच नाही, तळपायाला संवेदनाच राहिली नव्हती. पाय सुजला तेव्हा भाऊजींनी हळद आणि कडुनिंबाचा पाला वाटून बांधला. ताप आला, तर म्हणाले, शरीर आतली घाण बाहेर काढून राहिलं आहे.

मी गेले त्या दिवशी दारातच वास आला. आधी वाटलं, उंदीर मेला असेल. ताई खाटेवर पडली होती, पायावर चादर. मी चादर काढली. अंगठा काळा पडला होता.

मी गाडी बोलावली. भाऊजी म्हणाले, "आणखी दोन दिवस थांब, फरक पडून राहिला." मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ड्रायव्हरच्या आणि माझ्या आधाराने ताई गाडीत बसली. भाऊजी मागून आले आणि पुढच्या सीटवर बसले. गाडी थेट नागपूरच्या दवाखान्यात नेली.

तिथल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या. रिपोर्ट पाहून त्यांचा आवाज चढला. "गोळ्या कोणी बंद केल्या?"

भाऊजी भिंतीकडे पाहत उभे होते. मी तोंड उघडणार, तोच ताई म्हणाली, "मीच केल्या."

"आपल्या मनाने?"

"हाव. आपल्याच मनानं."

डॉक्टरीण बाई मग तिलाच बोलल्या. एवढ्या समजदार दिसता, असं कसं केलं, वगैरे. ताईने मान खाली घालून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिचं अर्धं पाऊल काढलं.

घरी आणल्यावर मी सुट्टी टाकून तिच्याकडे राहिले. मोहगावचे नातेवाईक भेटायला आले. भाऊजी खुर्चीवर बसून त्यांना समजावत होते, "शुगरमध्ये पथ्य लागते. हिनं पथ्य नीट पाळलं नाही." ताई आतल्या खोलीत होती, दार उघडं होतं. मला भाऊजींच्या हातातला चहाचा पेला हिसकावून घ्यावासा वाटला.

त्याच मुक्कामात एका सकाळी मी त्यांना गोळी घेताना पाहिलं. शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं, पाण्याबरोबर गिळली आणि पाकीट परत खिशात ठेवलं.

"ही कशाची?" मी विचारलं.

"बीपीची."

"ती नाही बंद केली?"

त्यांना प्रश्नातलं काही टोचलं नाही. अगदी सहज म्हणाले, "बीपीचं वेगळं असते. ते असं एकदम बंद करता येत नाही. रिस्क असते."

मी हे ताईला सांगितलं. मला वाटलं होतं, ती रडेल, निदान चिडेल तरी. ती पायाची पट्टी सारखी करत म्हणाली, "मले माहीत आहे. त्याइची गोळी संपत आली की दुकानातून मीच तर मागवत होती."

"मग दवाखान्यात खोटं काऊन बोलली?"

"खरं बोलून पाऊल परत आलं असतं का?" ती म्हणाली. "अन् तिथून घरी तर त्याइच्याच सोबत यायचं होतं."

आता ती गोळ्या घेते, इन्सुलिनही घेते. भाऊजींनी पुन्हा अडवलं नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना ते अजून आहाराविषयी सांगतात आणि मंडळी ऐकतात. ताई काठी घेऊन अंगणापर्यंत जाते, तिथून परत येते. बगीच्यात जाणं सुटलं. मी आठवड्याला फोन करते, शुगर किती आहे विचारते, ती आकडा सांगते. त्यापलीकडे आम्ही फारसं बोलत नाही.