मी बघत असले की ब्रोकर अडकायचा

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचत आले. प्रत्येक वेळी मनात म्हणायचे, ताप असेल, मांजर असेल, वायरिंग जुनं असेल... काहीतरी असेलच. माझं कामच ते आहे. ऑफिसात काही बिघडलं आणि सगळे "आपोआप झालं" म्हणाले, की आपोआप काही होत नाही हे शोधून दाखवायचं. माझं शिक्षण इंग्लिश मिडियमचं, म्हणून भाषा कुठे अडखळली तर सांभाळून घ्या. शुद्धलेखन आईने बघून दिलंय. मजकूर तिला आवडलेला नाही.

मी मुलुंड पूर्वेला राहते आणि ऑफिस अंधेरीला, एमआयडीसीत. चौथा मजला, समोर पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. आमची कंपनी लहान आहे. शाळेच्या बस कुठवर आल्या ते आम्ही पालकांना मोबाइलवर कळवतो. प्रत्येक बसमध्ये एक छोटं यंत्र असतं, ते सतत आपलं ठिकाण पाठवत राहतं. हे सगळे निरोप आधी ब्रोकरकडे येतात. ब्रोकर म्हणजे सर्व्हरवर चालणारा एक प्रोग्राम. पोस्टाची खिडकी समजा. एका बाजूने निरोप घ्यायचे, ओळीने लावून ठेवायचे, दुसऱ्या बाजूने जो मागेल त्याला द्यायचे. ठरलेल्या वेळात खिडकीतून उत्तर आलं नाही, तर मागणारा कंटाळून निघून जातो. त्याला टाइमआउट म्हणतात. आमच्याकडे अशा तीन खिडक्या होत्या, म्हणजे तीन ब्रोकर, आणि त्या मी एकटीने उभ्या केल्या होत्या. कुठला निरोप कुठे जातो हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

फक्त मला सांगता येत नाही. मीटिंगमध्ये माझा आवाज फुटत नाही.

तन्वी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. घाटकोपरची, मराठी मिडियमची. तिचे बाबा गिरणीत होते, नंतर वॉचमन. तिचा रेझ्युमे मीच दिला होता. ती आली आणि महिन्याभरात पँट्रीतल्या मावशींपासून आमच्या बॉसपर्यंत, म्हणजे मंदारपर्यंत, सगळ्यांची झाली. सकाळच्या मीटिंगमध्ये मी तिच्या कानात काही पुटपुटायचे, ते ती मोठ्याने बोलायची आणि लोक तिच्याकडे बघून मान हलवायचे. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "हे ईशाचं आहे हां." कोणी ऐकायचं नाही. ती वाईट असती तर बरं झालं असतं.

मग तिने "बस दोन स्टॉप लांब आहे, खाली या" असा निरोप पालकांना पाठवायची सोय केली. साधीच गोष्ट. माझ्या ब्रोकरवर बसवलेली. पण पालक वेडे झाले. मंदारने केक आणला. त्याच दिवशी तो म्हणाला, "बोरिवलीच्या शाळा आल्या की या सिस्टमला एक लीड लागेल. तुम्हा दोघींपैकी एक." मी केकचा तुकडा हातात धरून उभी होते. सिस्टम माझी होती. लीड, म्हणजे तिची प्रमुख, मीच व्हायला हवं होतं. हे मोठ्याने म्हणायला मला जमलं नाही.

त्यानंतर टाइमआउट सुरू झाले.

फक्त दुसऱ्या ब्रोकरवर, आणि नेमके दुपारी शाळा सुटताना. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर तिन्ही ब्रोकरच्या रेषा असतात. त्यातली मधली लाल व्हायची. मी सगळं तपासलं. मशीनवर ताण नव्हता, डिस्क रिकामी, नेटवर्क नीट. निरोप ब्रोकरपर्यंत पोचल्याचंही दिसायचं. पुढे ब्रोकर गप्प. बंद पडायचा नाही, रीस्टार्ट व्हायचा नाही. नुसता उत्तर द्यायचा नाही.

पहिल्याच आठवड्यात, मी स्क्रीनसमोर तासभर बसल्यावर तन्वी आली. "सरक गं जरा. तू जा, काहीतरी खाऊन ये." मी पँट्रीत गेले. परत आले तर रेषा हिरवी.

"काय केलंस?"

"काही नाही यार. बसले नुसती."

शेजारच्या टेबलावरून इरफान म्हणाला, "ब्रोकर पण तिच्यावर फिदा आहे. तू रागावतेस ना त्याला."

असं वारंवार झालं. मी शोधत असले की लाल, तन्वी बसली की हिरवी. सगळे हसायचे आणि मीही हसायचे. ज्या वस्तूला मी घडवलं, तीसुद्धा तिचीच झाली, असं वाटायचं... एका प्रोग्रामबद्दल असं वाटणं किती बालिश आहे ते मला कळत होतं. तरी वाटायचं.

मग तन्वी चुलतभावाच्या लग्नाला सावंतवाडीला गेली. मी मनात म्हटलं, आता कळेल, ती नसली की कसं चालतं ते. पण त्याच दिवशी मला व्हायरल झाला आणि मी घरी राहिले. इरफानला मेसेज केला. तो म्हणाला, आज एकदम शांत. एकही टाइमआउट नाही.

तापातसुद्धा मला ते खटकलं. तन्वी नव्हती, तरी सगळं नीट होतं. म्हणजे तिच्या असण्याने काही सुधारत नव्हतं.

बरी होऊन ऑफिसला गेले. तन्वी अजून गावीच. दुपारी स्क्रीनसमोर बसले. लाल. उठून गच्चीवर गेले. हिरवी. परत आले. लाल. वाटलं, माझ्या लॅपटॉपवरून आपण सारखं विचारत राहतो त्याचाच ताण पडत असेल. लॅपटॉप बंद केला, बॅगेत ठेवला, मोबाइल इरफानकडे दिला आणि हात मांडीवर ठेवून नुसती भिंतीवरच्या रेषेकडे बघत राहिले.

लाल.

इरफान म्हणाला, "तू ठीक आहेस ना?"

मी इंजिनियर आहे, म्हणून पुढचं पाऊल टाकलं. दुसऱ्या ब्रोकरवर असं काय होतं जे बाकी दोघांवर नव्हतं? बघितलं तर तन्वीचे निरोप. "खाली या"वाले सगळे त्याच खिडकीत जात होते. ते मी तिसऱ्या ब्रोकरवर हलवले. दुसऱ्या दिवशी दुसरा ठणठणीत आणि तिसरा लाल. बिघाड तिच्या कामाच्या मागोमाग गेला होता.

मला किती आनंद झाला ते लिहायला लाज वाटते. मी पहिल्यांदा स्वतःहून मंदारच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "तन्वीच्या कोडमध्ये प्रॉब्लेम आहे." त्याने बाहेरच्या एका सीनियर माणसाकडून तो कोड तपासून घेतला. त्यात काही सापडलं नाही. तो माणूस दिवसभर आमच्याकडे बसला, आणि त्या दिवशी मंदारने मुद्दाम मला घरून काम करायला सांगितलं होतं. दिवसभर रेषा हिरवी.

गावाहून आल्यावर तन्वीला हे कळलं. ती चिडली नाही. "तू तुझं काम केलंस," एवढंच म्हणाली. पण ती वाळली होती. ते निरोप तिचे, म्हणून न मिळालेल्या निरोपांचे फोनही तिलाच यायचे. जेवणाचा डबा अर्धा परत न्यायची. एका रविवारी काकूंनी, म्हणजे तिच्या आईने, मला फोन करून बोलावलं. "ये बघू, तुझा तरी ऐकता ती."

घाटकोपरला त्यांचं घर दोन खोल्यांचं. मी पोचले तेव्हा काकूंनी तन्वीला पाटावर बसवलं होतं. मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या.

"आई, ईशासमोर काय हे."

"गप ऱ्हव. आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, हापिसातल्यांची..." हापिसातल्यांवर त्या जरा थांबल्या आणि पुन्हा एकदा ओवाळलं. मग सगळं गॅसवरच्या जुन्या तव्यात टाकलं.

तुम्हाला माहीत असेल, मिरच्या जळल्या की घरभर ठसका लागतो. लागला नाही, तर दृष्ट होती असं मानतात. मला हे तेव्हाच कळलं. मिरच्या काळ्या झाल्या, धूर वर गेला. तन्वी खोकली नाही. काकू खोकल्या नाहीत. मी तव्यापासून दोन हातांवर उभी होते, मला काही वाससुद्धा आला नाही.

"बघितलंस?" काकू म्हणाल्या. "कोनाची तरी जबरी लागली."

मी पंख्याकडे बघत होते. तन्वी हसत म्हणाली, "आता ईशूची पण काढ. ती माझ्यापेक्षा हुशार आहे."

"ये गो, बस. तुझी पन काढतंय."

मी पाटावर बसले. तीच मिरची, तोच तवा, तोच गॅस. मिरच्या तव्यात पडल्या मात्र आणि तिघींना असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारच्या खोलीतून कोणीतरी ओरडलं, "अरे काय जाळताय रे?" काकू खोकता खोकता खूश. "तुका कोनाची दिष्ट लागूक नाय. बरा आसा तुजा."

म्हणजे माझा हेवा करणारं जगात कोणी नव्हतं. मी नाक पुसून हसले आणि चहा घेतला.

त्यानंतरचे काही दिवस, मी समोर बसून बघत असूनही, रेषा हिरवी राहिली. मग एका मीटिंगमध्ये मंदारने तन्वीचं कौतुक केलं. त्या दुपारी परत लाल.

बोरिवलीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या, तो दिवस मला नीट आठवतो. शाळा सुटायच्या वेळी खऱ्या बस चालू असताना त्यांना सगळं दाखवायचं होतं. बोलणार तन्वी. मंदारने मला मागे, मोठ्या स्क्रीनवर लक्ष ठेवायला बसवलं. पालकांचे फोन यायचे तो फोनही माझ्याच टेबलावर. मी ठरवलं होतं, उठायचं नाही. मी बघते म्हणून मशीन अडकतं, हे कोणा शहाण्या माणसाला पटेल? आणि अडकलंच, तर तन्वी लीड होणार नाही. हेही ठरवताना माझ्या मनात होतं.

तन्वी बोलायला लागली. छान बोलत होती. रेषा लाल झाली.

पुढच्या "खाली या"ची वाट बघत तिने मोबाइल वर धरला होता. तो वाजला नाही. मुख्याध्यापिका बाईंनी घड्याळाकडे बघितलं. तन्वीने माझ्याकडे वळून हळूच म्हटलं, "ईशू, बघ ना जरा काय झालं."

बघ ना. मी बघतच होते.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मी शक्यतो फोन घेत नाही, पण तो घ्यावाच लागला. मुलुंडहून एक बाई बोलत होत्या. "मी गेटवर उभी आहे. बस गेली की यायची आहे, तेवढं तरी सांगा. रोज मेसेज येतो हो." मी त्यांची बस शोधली. स्क्रीनवर ती मघाचपासून एकाच वळणावर थांबलेली दिसत होती. पण ती तिथे नव्हती, कुठेतरी पुढे होती. कुठे, ते मला सांगता येईना. मी म्हटलं, "एक मिनिट थांबा. येईल मेसेज." फोन ठेवला, उठले, दार उघडलं आणि जिने उतरून खाली टपरीवर गेले.

चहा यायच्या आत इरफानचा मेसेज आला. "झकास झालं. बाई खूश. तू कुठेयस?"

तन्वी लीड झाली. मी मंदारला सांगून दुसरं काम मागून घेतलं. ट्रॅफिक बघून बस किती वेळात पोचेल याचा अंदाज बांधायचं. ते मी शांतपणे, कोणाला न सांगता करत राहिले. माझी खुर्ची मी मोठ्या स्क्रीनकडे पाठ करून लावली. तिकडे टाइमआउट पुन्हा झाले नाहीत. सगळ्यांचं म्हणणं, तन्वीने नीट केलं. त्या काळातले लॉग, म्हणजे मशीनच्या नोंदी, मी अजून ठेवलेत. ते दोन-तीन हुशार लोकांना दाखवले. कोणालाही कारण सांगता आलं नाही. मलाही नाही. माझी नजर आणि एक रेषा, यांच्यामध्ये कुठली वायर जाते ते मला माहीत नाही.

हे इथेच संपलं असतं, तर मी लिहिलं नसतं.

गेल्या महिन्यात माझं काम चालू झालं. अंदाज इतके बरोबर यायला लागले की पालक स्वतःहून कळवू लागले. एका दुपारी मी बसले होते आणि माझ्या स्क्रीनवरची माझ्या कामाची रेषा लाल झाली. ताण नाही, डिस्क रिकामी, नेटवर्क नीट, निरोप पोचलेला. ब्रोकर गप्प. मी बघते म्हणून? पण हे तर माझंच होतं.

मागे वळले. तन्वी उभी होती. गळ्यात हेडफोन, हातात निवलेला चहा. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या स्क्रीनकडे बघत होती.

"तुझं बरंय यार," ती म्हणाली. "बसून काहीतरी बनवतेस. मी दिवसभर फोन आणि मंदारच्या मीटिंगा."

"तुला हवं होतं ना?"

"हवं होतं." तिने चहाचा घोट घेतला. "हे मला सुचायला हवं होतं."

ती गेली. रेषा हिरवी झाली.

संध्याकाळी घरी आल्यावर आईला म्हटलं, माझी दृष्ट काढ. तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून तव्यात टाकल्या. बाबा बाहेर पेपर वाचत होते, त्यांना पत्ताही लागला नाही. मिरच्या पार काळ्या झाल्या. आईचं तोंड उतरलं. "कोणाची गं लागली एवढी?"

"काय माहीत," मी म्हटलं, आणि तव्यावर वाकून मोठा श्वास घेतला. काहीच नाही.

आई खिडकी उघडायला निघाली. मी म्हटलं, राहू दे ना, वास कुठे येतोय.