टॅपेटची टिकटिक

मी अक्षरं पत्रकांवर शिकले. आमच्या घरी पुस्तकांपेक्षा गावच्या आंदोलनाची पत्रकंच जास्त होती. त्यामुळे कॉलेजात गेल्यावर मी स्वतःचं पत्रक काढलं, ते पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध. ते शिसं धुरातून मुलांच्या रक्तात जातं, म्हणून बिनशिशाचं पेट्रोल मागा, असं त्यात लिहिलं होतं. शिरवण्यात घरोघर ते वाटलं आणि सुरुवात आमच्याच दारातून केली. बाबांचा जुना पेट्रोलचा ट्रॅक्टर टेकडीवरच्या खाणकामगारांच्या वस्तीला पाण्याचा टँकर न्यायचा. वस्तीला दुसरं पाणी नव्हतं. माझ्या हट्टापायी बाबा वाशीच्या पंपावरून कॅन भरून नवं पेट्रोल आणू लागले.

दोन महिन्यांत ट्रॅक्टर चढावर दम टाकू लागला. बाबांनी इंजिनाचं हेड उघडलं, तर एक्झॉस्टचा वॉल, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, एका कडेला जळून कुरतडलेला. नाक्यावर माझं हसं झालं. बाबा मात्र चिडले नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं.

"बाय, तुजा पत्रक खरा हाय. पन वस्तीला पानी कसा न्यायाचा?"

त्यांनी नवा वॉल बसवला आणि पुन्हा जुनंच पेट्रोल भरायचं ठरवलं. मी एक दिवस मागून घेतला आणि वाशीच्या मार्केटात ट्रक दुरुस्त करणाऱ्या साताऱ्याच्या मिस्त्रींना घेऊन आले. इंजिन सुरू होताच त्यांनी कान दिला.

"एवढं गप कसं काय हे?"

बाबा खूश झाले. वॉल उघडणारे टॅपेट आवळून आवळून त्यांनी त्यांची टिकटिक घालवली होती. वाजणारं इंजिन म्हणजे आमच्या गावात मालकाची नामुष्की. इंजिन निवल्यावर मिस्त्रींनी टॅपेटच्या फटीत मापाची पातळ पट्टी सरकवून पाहिली. ती आत जाईना.

"जरा बोलू द्या की त्याला," ते म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. वॉल सीटवर, म्हणजे त्याच्या बसायच्या कड्यावर, टेकला की आपली उष्णता सीटला देऊन निवतो. फट नसेल तर तापून लांबलेला वॉल पुरता टेकत नाही आणि जळतो. त्यातून पेट्रोलमधल्या शिशाचा थर सीटला जपायचा; तो नाहीसा झाला की जुनी मऊ सीट झिजते, वॉल आत बसतो, उरलीसुरली फटही मिटते. म्हणून कडक सीट बसवायची आणि फट दर आठवड्याला मोजायची.

यातली एक ओळही माझ्या पत्रकात नव्हती. त्याची लाज मला आजही वाटते.

एमआयडीसीतल्या लेथवर सीट बसवून घेतल्या. गावातलं सगळ्यात शांत इंजिन ही बाबांची तीस वर्षांची मिरवण्याची गोष्ट होती. ती त्यांनी एका दुपारी सोडून दिली आणि स्वतःच्या हाताने टॅपेट सैल केले. माझ्या दुसऱ्या पत्रकात फट मोजायची रीत छापली, ती बाबांनी सांगितली तशी.

पाऊस येईपर्यंत टँकरची एकही खेप चुकली नाही, आणि पेट्रोल बिनशिशाचंच होतं. टिकटिक वळणावर ऐकू आली की वस्तीतल्या बाया हंडे रांगेत मांडायच्या.

नाक्यावर कुणीतरी बाबांना हटकलं, की तुमचं इंजिन वाजतंय.

"वाजू दे," बाबा म्हणाले. "माजे पोरीनं वाजवलाय."